बागेचा जमाखर्च (लेखांक ७) : छाटणीचा विनियोग

मेंदीच्या कुंपणाची कातरणी केव्हा व किती करावी, याचा विचार गेल्या लेखांकात झाला. ती उरकल्यावर कुंपणाच्या पायथ्याशी टहाळ्यांचा जो ढीग साचतो, त्याचा प्रश्न बहुतेक घरी एक काडी ओढून त्याच संध्याकाळी निकालात काढला जातो. आणि ज्या जमिनीने वर्षभर आपल्या कसावर तो पाला पोसला, तिच्या पदरी मूठभर राखेखेरीज काही पडत नाही. राखेत पालाश उरतो हे खरे, पण नत्र धुराबरोबर निघून जाते आणि माती भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय अंशही जळून जातो.

इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने कंपोस्टची जी रीत बसविली, तिच्यातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. पऱ्हाट्या व तुराट्या यांसारखा काष्ठमय माल ढिगात घालण्यापूर्वी शेतातल्या गाडीवाटेवर पसरीत, आणि चाकांखाली तो चिरडला गेला म्हणजे मगच गोळा करीत. सबंध काटकीची साल पाण्याला दाद देत नाही. ती फुटली की ओल आत शिरते आणि ओलीमागोमाग कुजविणारे सूक्ष्म जीव. आपल्या अंगणात गाडीवाट नसली, तरी कोयता आणि ठोकळा असतोच. करंगळीएवढ्या काटक्या ठेचून त्यांचे बोटभर तुकडे करण्याची तसदी अवश्य घ्यावी.

हिरवा पाला मात्र दोन दिवस उन्हात मलूल होऊ द्यावा. ताजाच दाबून भरला, तर त्याचा लगदा होऊन हवा कोंडते आणि ढिगाला आंबूस वास सुटतो.

एका वर्षी मी अशा ठेचलेल्या काटक्या, न कुजविताच, वांग्यांच्या वाफ्यात खणून मिसळल्या. तीन आठवड्यांत रोपांची खालची पाने पिवळी पडली, वाढ खुंटली, आणि शेणखताचे पाणी घालूनही ती सावरण्यास महिना लागला. लाकडात कर्ब विपुल आणि नत्र नाममात्र. म्हणून ते कुजविणारे जीव आपल्या पोषणासाठी मातीतलेच नत्र उचलतात व रोप उपाशी राहते. तोच माल मातीत न कालविता वर चार बोटे जाडीचा अंथरला, तर ही ओढ पृष्ठभागाच्या पातळ थरापुरतीच राहते, आणि वैशाखातही आच्छादनाखाली हात घातला असता माती गार लागते. झाडाच्या बुंध्याभोवती तेवढी वीतभर जागा मोकळी सोडावी, एरवी साल कुजते.

बोगनवेलीचे काटेरी फाटे ढिगात घालू नयेत. कोंबड्या उकरतात त्या नव्या वाफ्यावर ते पसरावेत. सरळ, जाड काठ्या वालाच्या वेलांसाठी राखून ठेवाव्यात. पण गिरिपुष्पाची काठी असेल, तर ती आधी पुरती वाळवावी, कारण ओली रोवली तर ती मुळे धरते आणि श्रावणात वालापेक्षा तिचीच पालवी दाट होते.