बत्तीस, चौसष्ट आणि सामाईक हेडर

डहाणू-तलासरीत २०१७नंतर जे स्वस्त फोन हातोहाती दिसू लागले, त्यांत दीड हजार रुपये अनामत घेऊन मिळणारा जिओफोन होता. त्यातला प्रोसेसर एआरएमचा कॉर्टेक्स-ए७, म्हणजे ३२ बिटांचा. महागडे अँड्रॉइड फोन तोवर ६४ बिटांवर गेले होते. दोहोंच्या तळाशी कर्नल मात्र लिनक्सचंच. नव्या यंत्रासाठी केलेली दुरुस्ती जुन्या, स्वस्त यंत्रापर्यंत पोहोचणार का, हे बऱ्याच अंशी कर्नलच्या सोर्स कोडची मांडणी ठरवते. गेल्या तीस वर्षांत ती मांडणी कशी बदलत गेली, हे पाहताना मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच बाजू. कोडच्या किती ओळी कमी झाल्या हा हिशेब त्यानंतरचा.

कर्नलचा बराचसा भाग सी भाषेत असतो आणि खाली कोणता प्रोसेसर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. काही कामं मात्र प्रोसेसरच्याच सूचनांत लिहावी लागतात: दोन कोर एकाच वेळी एकच आकडा वाढवू पाहत असतील तर एकालाच पुढे जाऊ देणं, मेमरीच्या पानांचे तक्ते बांधणं, इंटरप्ट थांबवणं. प्रोग्रॅमने कर्नलला हाक मारायची ती कोणत्या क्रमांकाने, हेही तिथेच ठरतं. यातला बराचसा ऐवज हेडर फाइलींत असतो, आणि प्रत्येक आर्किटेक्चरची अशी स्वतःची थप्पी असते.

१९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतलं ते फक्त इंटेल ३८६साठी. मार्च १९९५च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स आले आणि प्रत्येकासाठी वेगळी डिरेक्टरी झाली. मग घराण्यांत धाकटी भावंडं जन्माला आली: स्पार्कला स्पार्क६४, पॉवरपीसीला पीपीसी६४, आय३८६ला एक्स८६_६४. यातली काही घराणी महाराष्ट्राने जवळून पाहिली आहेत. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा परम ८००० ट्रान्सप्यूटरवर उभा होता, १९९८चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म आयबीएमच्या पॉवर४वर आणि २००८चा परम युवा इंटेल झिऑनवर. या चारांत दर वेळी प्रोसेसरचं घराणं बदललं आणि खालचा थर नव्याने समजून घ्यावा लागला. स्पार्कवर तेव्हा सोलारिस चाले, पॉवरवर एआयएक्स. झिऑनपर्यंत येता येता लिनक्स स्थिरावलं होतं.

लिनक्समध्ये ६४ बिटांच्या या धाकट्या भावंडांसाठी सोपा मार्ग धरला गेला. थोरल्याची डिरेक्टरी उचलायची, नकल करायची, हवं तिथे बदलायचं. एक्स८६_६४ घराण्यातला एएमडीचा ऑप्टेरॉन एप्रिल २००३मध्ये बाजारात आला, त्याआधीच सुझे या लिनक्स कंपनीचे आंडी क्लीन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठीचं पोर्ट उभं केलं होतं. त्या घाईत नकल करणं अगदी रास्त होतं. त्रास पुढे सुरू झाला. एका प्रतीत चूक सापडली की दुसरीत तीच दुरुस्ती कुणीतरी आठवणीने करायची, आणि आठवण दर वेळी राहत नसे. काही ठिकाणी तर एक्स८६_६४ची मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) सरळ शेजारच्या आय३८६च्या डिरेक्टरीतून फाइली ओढून घ्यायची. सामाईक कोडची गरज अशी आडवाटेने आधीच कबूल झालेली होती.

पॉवरपीसीवाल्यांनी २००५मध्ये पॉल मॅकेरस यांच्या पुढाकाराने एकत्र डिरेक्टरी सुरू केली. जुनी पीपीसी पूर्ण निघायला २००८ उजाडलं. एक्स८६ची पाळी २००७ची. थॉमस ग्लाइक्स्नर आणि इंगो मोल्नार यांनी दोन्ही डिरेक्टऱ्यांची झाडं एका जागी आणायचा प्रस्ताव मांडला. आंडी क्लीन यांचा त्याला विरोध होता आणि तो पोकळ नव्हता: जुन्या पीसींच्या असंख्य खोडी सांभाळणारा कोड आय३८६मध्ये साचला होता आणि ६४ बिटांचं झाड त्यापासून मुद्दाम स्वच्छ ठेवलेलं होतं. तरी विलीनीकरण झालं आणि जानेवारी २००८च्या २.६.२४ आवृत्तीतून लोकांपर्यंत आलं.

त्याची पद्धत मला फार आवडते. आधी फाइली फक्त हलवल्या, नावापुढे _३२ आणि _६४ लावून. सामाईक नावाची हेडर फाइल एवढंच करायची: ३२ बिट असेल तर ही ओढ, नाहीतर ती. वागणुकीत काहीच बदलायचं नाही. मग एकेक जोडी घ्यायची, मोकळ्या जागा आणि नावं सारखी करायची, फरक उरेल तो खरा आहे की नुसता सवयीचा हे तपासायचं आणि जोडी एक करायची. आकडा अखंडपणे वाढवण्याची सूचना दोन्हीकडे तीच, तिथे फरकाला कारणच नव्हतं. पानांच्या तक्त्यांत मात्र होतं: ३२ बिटांवर दोन किंवा तीन पातळ्या, ६४वर चार.

हा उरलेला फरक २०१८मध्ये महागात पडला. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीचं छिद्र बुजवणारं पानतक्त्यांचं विलगीकरण जानेवारीच्या ४.१५ आवृत्तीत आलं, पण फक्त ६४ बिटांसाठी. ३२ बिटांच्या एक्स८६ला ते मिळालं ऑक्टोबरच्या ४.१९मध्ये, सुझेच्या योर्ग रोडेल यांच्या चिकाटीमुळे. म्हणजे एका झाडात असूनही जुन्या यंत्राला नऊ महिने थांबावं लागलं. दोन झाडं वेगळीच राहिली असती तर ते काम कुणी हाती घेतलं असतं का, याची मला शंका आहे.

एआरएमने उलट निर्णय घेतला. २०१२च्या ३.७ आवृत्तीत कॅटालिन मारिनास यांनी आणलेल्या ६४ बिटांच्या एआरएमने वेगळी चूल मांडली. सूचनासंच नवा होता, आणि ३२ बिटांच्या बाजूला शेकडो बोर्डांचा खास कोड साचला होता. निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे, पण त्याची किंमतही आहे: स्पेक्टर या मेल्टडाउनसारख्याच त्रुटीपासूनचे ३२ बिटांवरचे बचाव रसेल किंग यांना वेगळे लिहावे लागले.

दरम्यान घराण्यांच्या पलीकडे कोड सामाईक करणंही वाढत होतं. २००९मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी ‘एएसएम-जेनेरिक’ हेडर इतकी पूर्ण केली की नव्या आर्किटेक्चरने तिथूनच सुरुवात करावी. रिस्क-व्ही जानेवारी २०१८मध्ये आलं तेव्हा त्याने हेच केलं आणि ३२-६४साठी पहिल्यापासून एकच डिरेक्टरी ठेवली. जुना गोंधळ किती होता ते ‘राइट’ या साध्या सिस्टिम कॉलवरून, म्हणजे कर्नलला मारायच्या हाकेवरून, कळतं: आय३८६वर त्याचा क्रमांक ४, एक्स८६_६४वर १, तर एआरएम६४ आणि रिस्क-व्हीवर ६४. मे २०१९च्या ५.१पासून ४०३ आणि त्यापुढचे क्रमांक जवळपास सगळीकडे सारखे ठेवले जाऊ लागले. त्यांतले पहिले कॉल ३२ बिटांच्या यंत्रांना १९ जानेवारी २०३८च्या पलीकडची वेळ मोजता यावी यासाठीच होते.

ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३ने ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं बंद केलं. कर्नलच्या एक्स८६ डिरेक्टरीत मात्र ३२ बिटांचा कोड अजून आहे आणि सामाईक हेडरांतली प्रत्येक दुरुस्ती त्यालाही मिळते. डहाणूतल्या एखाद्या संगणक वर्गात जुना पेंटियम ४ डेबियन १३वर चालू ठेवायचा असेल, तर कुणीतरी तिथे बसून तो कोड कंपाइल करायला हवा.