लाईट गेली की लाईनमन लगेच खांबावर का चढत नाही? 'परमिट'मागचं गणित समजून घ्या

पावसाळ्याची रात्र, वारा सुटलाय, लाईट गेली. पाचव्या मिनिटाला गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "लाईट कधी येणार?" पंधराव्या मिनिटाला कुणीतरी लिहितं, "वायरमन खांबाखाली नुसता उभा आहे, फोनवर बोलतोय."

तर विषय असा आहे की, तो फोनवर बोलतोय म्हणूनच घरी परत जाणार आहे. कसं, ते बघूया.

शेजारी अणुवीज, तरी गावात अंधार?

मुरबे हे पालघर तालुक्यातलं समुद्राकाठचं मच्छीमारांचं गाव. बोईसर-तारापूर इथून जवळ. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ सालापासून वीज तयार करतोय, मग आपल्याकडे लाईट का जाते, हा प्रश्न या पट्ट्यात हमखास विचारला जातो.

उत्तर सोपं आहे. प्रकल्पातली वीज अतिउच्च दाबाच्या ग्रीडमध्ये जाते. तिथून ती उपकेंद्रांत उतरते आणि ११ हजार किंवा २२ हजार व्होल्टच्या लाईनने गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'डीपी'पर्यंत येते. डीपी तिचे २३० व्होल्ट करून घरात देते. बहुतेक बिघाड होतात ते या शेवटच्या टप्प्यात.

किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, दमट हवेत तो ओला होतो आणि त्यावरून वीज खांबाकडे झिरपायला लागते. लोखंडी खांब बुडाशी गंजतात, तारा कमजोर होतात. म्हणून लाईनमनचं पहिलं काम म्हणजे चढण्याआधी खांबाचा बुंधा तपासणं.

'परमिट' म्हणजे नक्की काय?

लाईनवर काम करण्याआधी लाईनमनला उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परवानगी घ्यावी लागते. तिलाच 'परमिट' किंवा 'लाईन क्लिअर' म्हणतात. त्यातला प्रत्येक टप्पा एकेका जीवघेण्या चुकीवर उपाय आहे.

१. लाईन बंद करणे. ऑपरेटर तो फीडर बंद करतो आणि स्विचवर 'माणसं काम करत आहेत' असा फलक लावतो. फलक नसेल तर पुढच्या पाळीचा ऑपरेटर तोच स्विच चालू करू शकतो.

२. डोळ्यांनी खात्री करणे. खांबावरच्या एबी स्विचला तीन पाती असतात. हँडल ओढलं तरी गंजामुळे एखादं पातं चिकटून राहू शकतं. म्हणून तिन्ही पाती सुटलेली दिसली पाहिजेत.

३. टेस्टरने तपासणे. एकाच खांबावर दोन फीडरच्या तारा असू शकतात. बंद केला एक आणि चढला दुसऱ्यावर, असं होऊ नये म्हणून ही तपासणी.

४. अर्थिंग करणे. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडायच्या. आधी जमिनीचं टोक जोडायचं, मग तारेचं. काढताना बरोबर उलटं. मध्येच कुठून वीज आली तरी तिला जमिनीत जायला वाट मिळते.

५. परमिट परत करणे. ज्याने परमिट घेतलं त्यानेच माणसं खाली उतरल्याची आणि अर्थिंग काढल्याची खात्री करून ते परत करायचं. "दहा मिनिटांनी चालू कर" असा वेळेचा वायदा इथे चालत नाही. दहाची बारा मिनिटं झाली की माणूस गेला.

लाईन बंद, मग अर्थिंग कशाला?

हा मुद्दा आपल्या घरापर्यंत येतो. समजा लाईट गेली आणि कुणीतरी बर्फासाठी, फ्रीजसाठी किंवा हळदीच्या मांडवासाठी जनरेटर लावला. तो चेंजओव्हर स्विच न बसवता थेट घरच्या वायरिंगला जोडला, तर त्याची वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते. डीपी जशी ११ हजार व्होल्टचे २३० करते, तशीच उलट्या दिशेने २३० चे हजारो व्होल्ट करू शकते. उपकेंद्रातून लाईन बंद आहे, ऑपरेटरने परमिट दिलंय, तरीही वर तारेत मरण आहे.

माणसाला मारायला वीज फार लागत नाही. साधारण १० ते २० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात, धरलेली तार सोडता येत नाही. १०० मिलिअँपिअरच्या आसपास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपिअर ओढतो. यावरून अंदाज घ्या.

कायदा काय सांगतो?

विद्युत कायदा २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेची नियमावली केली आहे. २०१० च्या नियमावलीची जागा आता २०२३ च्या नियमावलीने घेतली. तारेला हात लावण्याआधी ती अर्थिंग करून निर्धोक करणं बंधनकारक आहे. हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, शिडी, अर्थिंगचं साहित्य आणि लाईन टेस्टर कामगाराला पुरवावे लागतात. चालू लाईनवर अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कुणीही काम करायचं नाही.

मोजे नुसते मिळून भागत नाही. रोज घालण्याआधी त्यात हवा भरून दाबून बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी तो मोजा बाद.

अपघात झाला तर कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं. जीव गेला असेल तर २४ तासांच्या आत. अपघात कशाने झाला याची चौकशी तो करू शकतो.

मग माणसं का मरतात?

नियम कागदावर पक्के आहेत. ते मोडतात तीन कारणांनी.

पहिलं, घाई. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पालघरमध्येही वीजयंत्रणेला तडाखा बसला. अशा वेळी फोन थांबत नाहीत, माणसं तेवढीच असतात आणि टप्पे गाळायचा मोह होतो.

दुसरं, कंत्राटी कामगार. काम तेच, धोका तोच. पण प्रशिक्षण आणि साधनं कंत्राटदार किती देतो यावर त्याचा जीव टांगलेला.

तिसरं, 'झिरो वायरमन'. गावातला एखादा हुशार पोरगा, ज्याला फ्यूज टाकता येतो. ना नेमणूक, ना परमिट, ना विमा. अपघात झाला की तो कुणाचाच कर्मचारी नसतो. भरपाईसाठी त्याच्या घरच्यांना खेटे घालावे लागतात. त्यामुळे "अरे, तूच चढ ना जरा" असं म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा.

आपण काय करू शकतो?

– जनरेटर असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.
– तुटलेली तार बंदच आहे असं कधीच समजू नका. उपकेंद्रातून लाईन पुन्हा चालू करून पाहिली जाऊ शकते. लांब थांबा, इतरांना थांबवा आणि १९१२ वर कळवा.
– तार जवळच पडली असेल तर धावू नका. ओल्या, खाऱ्या जमिनीत वीज पसरते आणि दोन पावलांमधल्या अंतरातूनही झटका बसतो. पाय जुळवून, जमिनीवर घासत छोट्या पावलांनी दूर व्हा.
– मासळी किंवा जाळी वाळवायला विजेच्या खांबाला, ताणाला दोरी बांधू नका.
– लाईनमनला फोन करून घाई करू नका. काम चालू असताना त्याचा फोन ऑपरेटरसाठी मोकळा असायला हवा.

परमिटला लागणारी वीस मिनिटं आपल्याला अंधारात जड जातात. पुढच्या वेळी ग्रुपवर "वायरमन नुसता उभा आहे" असा मेसेज आला, तर तो कशाची वाट बघतोय हे तिथे सांगा.