ड्रिलच्या पॅकमधले दहा सेल

18 व्होल्टच्या कॉर्डलेस ड्रिलचा मोठा पॅक उघडला, की आत साधारणपणे दहा सेल निघतात. दोन-दोनच्या पाच जोड्या, निकेलच्या पट्ट्यांनी साखळीत जोडलेल्या. त्यांतला सर्वांत रुळलेला सेल 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांब, म्हणून त्याचे नाव 18650. लिथियम-आयन सेल सोनीने 1991 मध्ये बाजारात आणले. 2005 मध्ये मिलवॉकी आणि माकिता यांनी ते हत्यारांत बसवले. आज सुतार, एसी बसवणारे, मोड्युलर किचनवाले, सगळ्यांच्याच पेटीत एखादा गेलेला पॅक पडून असतो.

पॅक गेला म्हणजे पुष्कळदा त्यातली एकच जोडी गेलेली असते. तिचे व्होल्टेज फार खाली उतरले, की चार्जर सगळा पॅक नाकारतो आणि उरलेले आठ सेलही त्याबरोबर भंगारात जातात. आयबीएमच्या भारतातल्या संशोधकांनी 2014 मध्ये टाकून दिलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या तपासल्या होत्या. त्यांतल्या सुमारे 70 टक्के बॅटऱ्यांत एक एलईडी दिवा रोज चार तासांहून अधिक, वर्षभर जाळण्याइतका जीव शिल्लक होता. हत्यारांचे सेल लॅपटॉपच्या सेलांपेक्षा वेगळ्या घडणीचे असतात. त्यांची साठवण थोडी कमी, पण एकदम 20 अँपिअरपर्यंत विजेचा प्रवाह देण्याची ताकद त्यांच्यात असते. जिथे झटका लागतो तिथे हेच सेल हवेत.

आता भावाचे पाहू. एक सेल साधारण 45 ग्रॅमचा, म्हणजे किलोत बावीसेक नग. भंगारवाला तो किलोने घेतो, कारण त्याच्या लेखी त्यात फक्त निकेल, कोबाल्ट आणि तांबे आहे. पॅक फोडून, पट्ट्या सोलून मोकळा केलेला सेल नगावर विकला जातो. तपासलेल्या सेलचा भाव सर्वांत चढा, आणि तो तसा असायलाच हवा. 2500 मिलीअँपिअर-तासांचा सेल पूर्ण भरायला आणि मग अर्ध्या अँपिअरने रिकामा करायला सात-आठ तास जातात. चार खणांच्या चार्जरवर दिवसभरात जेमतेम चार सेल उरकतात. खरेदीदार पैसे मोजतो ते या वेळेचे.

हा भाव वर चढायलाही मर्यादा आहे. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार 2024 मध्ये नव्या बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी दर किलोवॅट-तासाला 115 डॉलर होता. आपला सेल 9 वॅट-तासांचा, म्हणजे या हिशेबाने नव्याची किंमत डॉलरभर. हा दर मोठ्या खरेदीचा आहे, सुट्या नगाला जास्तच पडते. तरी नवा माल स्वस्त होत चालला, तशी जुना तपासण्याची मजुरी परवडेनाशी होते. लांबून माल मागवणेही अवघड आहे. 2016 पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल नेता येत नाही, आणि खराब बॅटऱ्यांना तर मालवाहू विमानातही मज्जाव आहे. त्यामुळे हा धंदा आपापल्या गावातल्या पेट्यांवरच चालतो.

धोका खरा आहे. सेलची सगळी पत्र्याची डबी ऋण असते, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. पक्कड घसरून वरचे प्लास्टिक फाटले, की तिथेच शॉर्ट. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेल्या सेलमधले तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना भलत्या जागी साचते. असा सेल कितीही स्वस्त मिळाला तरी माझ्या मते घेऊ नये.

18650 वर 9900 मिलीअँपिअर-तास छापलेले दिसले, तर ते सरळ खोटे समजावे. नामांकित कंपन्यांचे सेल 3500 च्या आसपास थांबतात. विकत घेताना प्रत्येक नगाची मोजलेली क्षमता आणि अंतर्गत रोध विचारा, आकडे नसतील तर भंगाराच्याच भावाने मागा. घरात गेलेला पॅक असेल तर त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे.