हाड कुणाचं मोडलं?

खांदा मागून फिरून पुढे येतो, कोपर भलतीकडेच वळतं आणि बघणाऱ्याच्या तोंडून ‘आई गं!’ निघतं. अशा रीलखाली ठरलेले शेरे असतात: याची हाडं निखळली आहेत, हा ब्रेकडान्स आहे, नाहीतर मग डोंबाऱ्याचा खेळ.

नाचाचं नावच ‘बोन ब्रेकिंग’, मग लोकांना तरी काय बोल लावायचा? पण मोडत काही नाही. खांद्याच्या सांध्याची खोबण मुळातच उथळ, त्यामुळे अंगातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हाच. शिवाय पाठीवरचं फऱ्याचं हाड बरगड्यांवरून सरकतं. नाचणारे वर्षानुवर्षं ताण देऊन ही हालचाल वाढवत नेतात. (रील बघून घरी हात पिरगाळू नका, सरावाशिवाय सांधा खरंच निखळेल.)

ब्रेकडान्समधल्या ‘ब्रेक’चा तर हाडांशी संबंधच नाही. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क तेवढाच तुकडा लांबवत राहायचा आणि पोरं त्यावर नाचायची. बोन ब्रेकिंग त्याच शहरातलं, पण ब्रुकलिनचं, 1990च्या दशकात रुजलेल्या ‘फ्लेक्सिंग’ या नाचातलं. फ्लेक्सिंग हे नाव ‘फ्लेक्स एन ब्रुकलिन’ या स्थानिक केबल कार्यक्रमावरून पडलं. गंमत म्हणजे हर्क जन्माने जमैकाचा आणि फ्लेक्सिंगचं मूळही जमैकातच.

राहिला डोंबाऱ्याच्या खेळाचा शेरा. फ्लेक्सिंगमध्ये अंग पिरगाळणं हा एकच प्रकार नाही. झटक्याझटक्याने थांबत जाणारं ‘पॉझिंग’ आहे, जमिनीवरून तरंगल्यासारखं सरकणारं ‘ग्लायडिंग’ आहे, आणि या सगळ्यातून गोष्ट सांगायची असते. 2015मध्ये फ्लेक्सिंगचा नर्तक रेजी ग्रे आणि दिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी मॅनहॅटनच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीत ‘फ्लेक्सएन’ हा प्रयोग केला. त्यात पिरगाळलेले हात पोलिसी अत्याचाराबद्दल आणि तुरुंगाबद्दल बोलत होते.

मात्र या नाचाच्या मुळाशी एक दुखरं हाड खरोखरच आहे. फ्लेक्सिंग ज्यातून निघालं, त्या जमैकन नाचाचं नाव ‘ब्रक-अप’, तिथल्या बोलीत ‘मोडलेला’. त्याचं श्रेय जॉर्ज अ‍ॅडम्स या जमैकन नर्तकाला दिलं जातं. लहानपणी त्याच्या पायाच्या हाडाला संसर्ग झाला होता. पाय सरळ पडेना, तेव्हा त्याने त्या लंगडण्यालाच ताल दिला.