कातळावरचा पिवळा बेडूक

पावसाची सर येऊन गेली की आपल्या बेटावर घरामागच्या गटारात क्रापो ओरडू लागतात. मुलांना वाटते, हा प्राणी बेटाच्या जन्मापासूनच येथे असावा. तसे नाही. मॉरिशस हे ज्वालामुखीने समुद्रातून वर आणलेले बेट. बेडकाची कातडी नाजूक, खाऱ्या पाण्यातून पोहत येणे त्याला जमणारे नव्हे. म्हणून येथे मूळचा एकही बेडूक नव्हता. आज दिसणारा हा मोठा क्रापो १९२२ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बनहून आणला गेला. उसाला लागणारे भुंगेरे त्याने खावेत, अशी अपेक्षा होती. भुंगेरे काही संपले नाहीत, क्रापो मात्र बेटभर पसरला, आणि आपल्या रानातल्या दुर्मिळ गोगलगाई व किडे खाऊ लागला. आणखी एक गंमत शास्त्रज्ञांनी २०२० साली मोजमापासह दाखवून दिली : शंभर वर्षे होण्याच्या आतच येथील क्रापोची मादी डर्बनच्या मादीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने लहान झाली आहे. परदेशी गेले की अंगात बदल होतो, तो फक्त माणसांतच नव्हे!

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. जेथून आपले पणजोबा-खापरपणजोबा करारावर येथे आले, त्या कोकणात एक बेडूक असा आहे की तो कोणी कोठून आणलेला नाही, आणि त्या एका डोंगरावाचून त्याला दुसरे घर नाही. तो आता संपण्याच्या वाटेवर आहे.

सावंतवाडीहून बेळगावकडे जाताना आंबोलीचा घाट लागतो. पूर्वजांच्या काळी हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. पुढे तो रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातील सर्वांत जास्त पावसाच्या गावांत आंबोलीची गणना होते. घाटमाथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारे आहेत. कोकणी माणूस त्यांना सडा म्हणतो. उन्हाळ्यात सडा तव्यासारखा तापतो, गवताची काडी दिसत नाही. पण पहिल्या सरी आल्या की कातळातल्या खळग्यांत पाणी साठते आणि दोन-चार दिवसांत सड्याला जीव येतो.

याच खळग्यांत हा बेडूक अंडी घालतो. खरे म्हणजे तो भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, दोन बोटांवर मावेल एवढा. कुशीवर पिवळेधमक पट्टे असल्यामुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला आहे. डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली त्याची जगाला ओळख करून दिली. त्याचा एक भाऊ सातारा जिल्ह्यात कोयनेच्या बाजूला आहे. तो १९६३ सालीच शास्त्रज्ञांना माहीत झाला होता. सातारकडची घराणी आपल्यातही आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. जगभरच्या बहुतेक भेकांत नर मादीला काखेखाली धरतो, हे दोघे भाऊ कमरेशी धरतात. एवढ्या बारीक गोष्टीवरून त्यांचे कुळ वेगळे ठरवायला मदत होते.

आपला क्रापो एका वेळी हजारो अंडी टाकतो. आंबोलीचा भेक थोडीच अंडी टाकतो, आणि तीही बोटभर पाण्यात. मृगाचा पाऊस मध्येच दडी मारून बसला, तर खळगा सुकतो आणि अंडी कातळावर वाळून जातात. हा धोका तो पिढ्यान्‌पिढ्या सोसत आला आहे. नवा धोका रस्त्यावरून येतो. पावसाळ्यात आंबोलीचे धबधबे पाहायला गाड्यांची रीघ लागते. भेक बाहेर पडतो रात्री, पावसात, आणि रस्ता ओलांडताना चाकाखाली सापडतो. ज्याची सारी वस्ती एका गावाच्या आसपास आहे, त्याला एका रस्त्यावरची गर्दीही भारी पडते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त या वर्गात आहे.

खाली समुद्राजवळच्या सड्यांची कथा निराळी. रत्नागिरी आणि देवगडच्या बाजूला कातळ फोडून, माती भरून हापूसच्या आणि काजूच्या बागा उभ्या राहत आहेत. बागाईत करताना सड्यावरचे सुटे दगड उचलले जातात. त्या दगडांखालीच तर उन्हाळाभर बेडूक, पाली आणि फुरशी दडून राहतात. कोकणच्या सड्यांवर अभ्यासकांनी भातखाचरे, बागा आणि मोकळा कातळ यांची तुलना करून पाहिली आहे. मोकळ्या कातळावरचे दुर्मिळ छोटे बेडूक खाचरांत आणि बागांत कमी होतात, आणि कोठेही राहू शकणारे सामान्य बेडूक वाढतात, असे दिसते. म्हणजे ओरडण्याचा आवाज तेवढाच राहतो, ओरडणारे बदलतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला काही कळतही नाही.

यात शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही. ज्या जमिनीवर काही उगवत नव्हते म्हणून माणसे मुंबईला आणि मॉरिशसला गेली, तीच जमीन आज हापूस देते. सरकारी कागदांत सड्याला पडीक म्हणतात, हे मात्र खटकते. वर्षातले चार महिने त्याच पडीक कातळावर पाणी, फुले आणि बेडूक नांदत असतात.

आंबोलीतच हिरण्यकेशीचे देवस्थान आहे. तेथील पाण्यात २०२० साली एक नवा मासा सापडला आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. माशाला देवाचा आसरा होता. भेकाचा कातळ उघडा आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे गणपतीच्या किंवा कुळाचा शोध घेण्याच्या निमित्ताने सिंधुदुर्गात जातात. तोवर भेकाचा हंगाम बहुधा सरलेला असतो. त्याला पाहायचे असेल तर जूनमध्ये पहिल्या पावसाला आंबोलीला मुक्काम करावा, गाडी गावात ठेवावी आणि माहीतगाराला घेऊन कंदिलाच्या उजेडात सड्यावर चालत जावे. पाय मात्र जपून टाकावा, कारण ज्याला पाहायला निघालो तो खळग्याच्या काठावरच बसलेला असतो.