बीज न धरणारे फूल

चेन्नईच्या उत्तरेकडील गुम्मिडिपूंडीत पायसम शिजो वा पुण्यात श्रीखंड घोटले जावो, केशराच्या दोन-चार काड्यांनी पक्वान्नाला रंग आणि गंध येतो. केशर असे देशभर लागते. परंतु ते पिकते मुख्यतः काश्मीरच्या थंड पठारांवर. ही काडी म्हणजे एका जांभळ्या फुलातील स्त्रीकेसराचा तांबडा शेंडा होय. प्रत्येक फुलात असे तीनच शेंडे असतात. म्हणून किलोभर सुक्या केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात.

केशर हे क्रोकस प्रजातीतील झाड असून बागेतला ग्लॅडिओलस त्याच्याच कुलातला. क्रोकसच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी अनेक वसंतात फुलतात. यूरोपात बर्फ वितळू लागले, की त्यांचे पांढरे, पिवळे, जांभळे पेले भूमीलगत उमलतात. पुढे बीज धरते आणि वंश आपोआप चालू राहतो. केशराची रीत मात्र निराळी. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते आणि त्याला बीज धरत नाही. सामान्यतः वनस्पतींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. केशरात ते तीन आहेत. तिहींची सारखी वाटणी होत नाही, म्हणून हे फूल वांझ राहते. ग्रीसमधील ॲटिका प्रदेशातील रानटी क्रोकस हा त्याचा पूर्वज असल्याचे २०१९ मधील संशोधनाने दाखविले.

मग केशराचा वंश टिकला कसा? सुरणाप्रमाणे त्याला जमिनीत भरीव कंद असतो. जुना कंद सुकताना त्यावर नवे लहान कंद येतात. काही वर्षांनी ते उकरून, निवडून पुन्हा लावावे लागतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या माणसाने केले, म्हणूनच केशर आज आहे.

श्रीनगरजवळच्या पांपूर येथील शेतकरी हेच करीत आले आहेत. तथापि अपुरा पाऊस, कंदकूज आणि शेतांवर उठणारी बांधकामे यांमुळे काश्मीरचे केशरक्षेत्र १९९६-९७ मधील सुमारे ५,७०० हेक्टरांवरून २००९-१० पर्यंत सुमारे ३,७०० हेक्टरांवर आले. त्यानंतर, २०१०-११ पासून, सिंचन व नवी लागवड यांसाठी राष्ट्रीय केशर अभियान सुरू झाले. २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकनही लाभले.

रानातल्या क्रोकसची माणसाने काळजी घेतली नाही, तरी वसंतात तो फुलतोच. केशराचे तसे नाही. कंद लावणारा हात थांबला, की त्याला दुसरा आधार उरत नाही.