साठ मुलं, दोन शिक्षक आणि 96 मिनिटं

60 मुलांना 2 शिक्षक. पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हे किमान प्रमाण घालून दिलं आहे. एका शिक्षकाकडे 30 मुलं म्हटल्यावर कागदावर त्यात काही वावगं दिसत नाही. पण त्याच परिशिष्टात आणखी दोन आकडे आहेत. या इयत्तांना वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवलं गेलं पाहिजे. म्हणजे रोज 4 तास. दोन शिक्षकांचे मिळून 8 तास होतात आणि इयत्ता आहेत 5. भागाकार केला की एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षक येतो दिवसाला 96 मिनिटं. उरलेली 144 मिनिटं मूल वर्गातच असतं, पण शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळलेला असतो.

अशा शाळेत जोडवर्ग भरतात. पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी, चौथी, पाचवी शेजारच्या खोलीत. बाई पहिलीकडून अक्षरं गिरवून घेत असतात, तेव्हा दुसरीसाठी फळ्याच्या उरलेल्या भागात वजाबाकीची गणितं लिहिलेली असतात. हातच्याशी अडलेलं मूल बाई मोकळ्या होईपर्यंत अडूनच बसतं. या खोलीत निदान इयत्तेला 2 तास तरी मिळतात. शेजारी तीन इयत्ता असल्यामुळे तिथे 80 मिनिटांवर भागवावं लागतं. आणि दोघांपैकी एक जण नसेल त्या दिवशी प्रत्येक इयत्तेला 48 मिनिटं.

असे दिवस क्वचित येतात असं समजू नये. कायद्याच्या तक्त्यात मुख्याध्यापकाचं पद 150 पेक्षा जास्त मुलं असतील तरच आहे. त्यामुळे लहान शाळेत दोघांपैकीच एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार येतो. यू-डायस या शालेय माहितीच्या प्रणालीत माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब ठेवणं, बैठकांना जाणं, सगळं त्यानेच करायचं. शिवाय जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना शिक्षक घेण्याची मुभा कायद्याच्या कलम 27 नेच दिली आहे. 20 शिक्षकांच्या शाळेतला एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, कामाला गेला तर 5 टक्के शिक्षक कमी होतात. इथे निम्मे होतात.

खेड्यात शाळा लहान असते, कारण वाडीच लहान असते. शहरातलं कारण वेगळं आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा 8 माध्यमांत चालतात. एकाच इमारतीत निरनिराळ्या माध्यमांच्या दोन-तीन शाळा, सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरतात आणि प्रत्येक शाळेचा पट स्वतंत्र असतो. फाटकातून शेकडो मुलं आत जातात, तरी त्यातल्या एखाद्या माध्यमाची शाळा 50-60 वर आलेली असू शकते. वस्ती मात्र लहान नसते. गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग पाहा. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 8 लाखांच्या वर होती आणि 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या 24 विभागांत तो शेवटचा होता. त्याचा निर्देशांक होता 0.05. इथल्या मुलाला शाळेबाहेर शिकवणी नसते, घरात अभ्यासाला कोपरा नसतो, अनेकदा घरात लिहितं-वाचतं माणूस नसतं. ती 96 मिनिटं हेच त्याचं सगळं शिक्षण.

पट थोडा जास्त असला तर मिळणारी वाढीव मिनिटंही टिकतील याची शाश्वती नाही. शिक्षकांची संख्या संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. कायद्याच्या तक्त्यात 61 व्या मुलाबरोबर तिसरा शिक्षक येतो आणि 96 ची 144 मिनिटं होतात. याचाच अर्थ, पट 61 वरून 60 वर आला की प्रत्येक इयत्तेची रोजची 48 मिनिटं जातात. भाड्याची खोली सुटते, बांधकाम संपतं, झोपडी पाडली जाते आणि एक कुटुंब हलतं. त्यात भर म्हणजे आता पट आधारशी पडताळून धरला जातो. नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळली नाही तर बाकावर बसलेलं मूल शिक्षकाच्या हिशेबात येत नाही. कागदपत्रांची अशी ओढाताण सर्वांत जास्त कुठे असते हे सांगायला नको. राज्याने 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा शिक्षक संघटनांनी विरोध केला तो लहान शाळांच्या काळजीपोटीच. तो विरोध मला रास्त वाटतो.

पोषण आहाराचंही गणित डोक्यांवरच चालतं. प्राथमिकच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. धान्य सरकारचं, डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी 1 मे 2025 पासून एका मुलामागे 6 रुपये 78 पैसे. 60 मुलांचे रोजचे 406 रुपये 80 पैसे. त्यात निकषाप्रमाणे 1 किलो 200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी आणि 300 ग्रॅम तेल बसवायचं. डोक्यामागे मिळणारी रोख मदत तर आणखी तुटपुंजी: दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी 1992 मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला, तो होता दिवसाला 1 रुपया. तीस वर्षं उलटली तरी तो 1 रुपयाच राहिला. मुली शाळेत याव्यात म्हणून काढलेल्या योजनेची ही अवस्था मला असह्य वाटते.

डोकी मोजून भागत नाही हे इतरांनी ओळखलं आहे. कॅलिफोर्नियात 2013 पासून गरीब घरातलं, इंग्रजी शिकत असलेलं किंवा प्रतिपालक कुटुंबात (फॉस्टर केअरमध्ये) वाढणारं मूल असेल तर त्याच्यामागे 20 टक्के जादा निधी मिळतो. शाळा-जिल्ह्यात अशी मुलं 55 टक्क्यांहून अधिक असतील तर 55 टक्क्यांच्या वरच्या प्रत्येकामागे आता आणखी 65 टक्के. हेच सूत्र आपल्या 60 मुलांच्या शाळेला लावू आणि सगळी मुलं गरजू धरू. 60 चे 20 टक्के म्हणजे 12. वरची 45 टक्के मुलं म्हणजे 27, त्यांचे 65 टक्के 17.55. एकूण भार 89.55. आपल्याच तक्त्यात 61 ते 90 ला 3 शिक्षक आहेत. कायद्यातला एक शब्दही न बदलता, फक्त मोजण्याची रीत बदलून, या शाळेला तिसरा शिक्षक मिळतो. परिशिष्टातलं प्रमाण किमान आहे. त्याहून जास्त द्यायला राज्याला किंवा महापालिकेला कोणी अडवलेलं नाही.

मागणी करायची जागाही कायद्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तीच करते आणि जादा शिक्षकांची गरज त्यात नोंदवता येते. बहुतेक पालकांना हे कोणी सांगितलेलं नसतं. तुमच्या घराजवळ अशी शाळा असेल, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची मुलं तिथे जात असतील, तर समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आराखडा लिहायला पालकांच्या शेजारी बसा आणि 96 मिनिटांचा हा हिशेब त्यात आकड्यांसकट मांडायला मदत करा.